एका पार्कचं तिकीट

त्या दिवशी सकाळी नेवा आणि लॉयड स्टॉफर यांना फक्त तिकिटं काढायची होती. फ्लोरिडात किसिमीच्या हमरस्त्यावर एका दुमजली मोटेलात ते उतरले होते, आणि थीम पार्कची तिकिटं मोटेलच्या काउंटरवरच मिळत. काउंटरमागे इव्हेलिस नावाची पोर्टो रिकोची पोरगी होती, बोलायला चटपटीत. तिने हातात पेन घेऊन विचारलं, "एका पार्कचं देऊ, की एकाच दिवसात तिन्ही पार्क फिरता येतात ते?"

"एकाच," लॉयड म्हणाला.

"तिन्ही," नेवा म्हणाली.

दोघंही एकाच वेळी बोलले. इव्हेलिसने पेन खाली ठेवलं. "तुम्ही आधी कॉफी घ्या बरं. मी कुठे पळून जात नाही."

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची, जुलैतली. लॉयड अडुसष्टचा, नेवा पासष्टची. राहणार कोकोमो, इंडियाना. त्याने सदतीस वर्षं गाड्यांच्या गिअरपेट्या बनवणाऱ्या कारखान्यात काढली होती, तिने शाळेच्या खाणावळीत. मार्चमध्ये लॉयडच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, पण ती देताना ते खिडकीबाहेर बघत होते, आणि ते नेवाच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"एका दिवसात तीन पार्क म्हणजे एकही धड न बघणं," वॉफलवर पाक ओतत लॉयड म्हणाला. "अर्धा दिवस बसमध्ये, अर्धा रांगेत. त्यापेक्षा पहिल्या पार्कात जाऊ. ओकच्या झाडाखाली तो बाक आहे, तिथे बसू. मिरवणूक बघू, आईस्क्रीम खाऊ."

"बाक कोकोमोलाही आहेत."

"मग चल, कोकोमोला जाऊन बसू."

"लॉयड, आपण पाच वेळा आलो इथे. पाचही वेळा तू मला त्या बाकावर बसवलंस. जंगलाचा पार्क मी अजून पाहिलेला नाही. या खेपेला नाही बघायचा, तर मग..."

पुढचं तिने गिळून टाकलं. लॉयडने ते ऐकलं नाही असं दाखवलं. खरंच ऐकलं नसेलही. त्याचा उजवा कान कारखान्यातल्या यंत्रांनी कधीच नेला होता. म्हणून ती नेहमी त्याच्या डाव्या बाजूला चालायची. लग्नाच्या बेचाळीस वर्षांत पावलांना ते आपोआप जमलं होतं.

शेवटी दोघांनीही हट्ट सोडला नाही. त्याने एका पार्कचं तिकीट घेतलं, तिने तिन्ही पार्कांचं. संध्याकाळी सहाला गाडीपाशी भेटायचं ठरलं. मोबाइल काही त्या काळी घरोघरी नव्हते.

"तुमच्यासारखी जोडपी रोज बघते मी," तिकिटं देताना इव्हेलिस हसली. "पण वेगवेगळी तिकिटं काढणारे तुम्ही पहिलेच."

पहिल्या पार्कात दोघं एकत्रच शिरले. ओकखालचा बाक रिकामा होता. लॉयड त्यावर टेकला आणि टोपी मांडीवर ठेवून म्हणाला, "जा तू. मी आहे इथेच." नेवा निघाली. फाटकाशी पोहोचेपर्यंत तिने तीनदा वळून पाहिलं. तिसऱ्या वेळी मधे गर्दी आली आणि बाक दिसेनासा झाला.

जंगलाच्या पार्कात ती बसने पोहोचली तेव्हा ऊन चांगलंच कडक झालं होतं. अंगावरचे कपडे कातडीला चिकटत होते. बांबूच्या कमानीखाली माणसं चुळबुळत उभी होती, कुठेतरी ढोल वाजत होते. नेवा रांगेत उभी राहिली आणि तिला एकदम रडू यायला लागलं. एवढा हट्ट करून आले, आणि आता एकटीने काय बघायचं?

तेवढ्यात तिच्या कोपराला कुणीतरी हात लावला.

"आलो गं," लॉयड म्हणाला.

तिला इतका आनंद झाला की आधी तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली. "तुझं तर एकाच पार्कचं तिकीट!"

"सोडलं मला."

"असं कसं सोडलं?"

"म्हटलं, बायको आत आहे." तो हसला. तेच हसणं, डावीकडच्या दाताची तीच फट. तिने आणखी काही विचारलं नाही.

पुढचे दोन तास असे गेले की तसे कित्येक वर्षांत गेले नव्हते. बोटीत बसून ते नकली नदीतून फिरले. झुलत्या पुलावर त्याने मुद्दाम पूल हलवला, ती किंचाळली, मागची पोरं हसली. नेवाचे पाय दुखायला लागले, त्याचे दुखले नाहीत. प्रत्येक चढावर ती त्याचा श्वास ऐकायला थांबायची, आणि श्वास काही ऐकू यायचा नाही. बरा झालाय, तिने स्वतःला समजावलं. मोकळी हवा मानवलीय.

त्याच्या सदऱ्याची पाठ कोरडी होती, हे तिने पाहिलं. त्या उकाड्यात माणसं नुसती निथळत होती, आणि त्याच्या निळ्या सदऱ्यावर एक डाग नव्हता. आणि त्याच्या अंगाला एक वास येत होता. कारखान्यात हातावरचं तेल काढायला वाळूसारखा खरखरीत, संत्र्याच्या वासाचा साबण असायचा, त्याचा. लॉयड निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. तो साबण घरात कधी आलाच नव्हता.

तीनच्या सुमाराला आभाळ भरून आलं. तिथे ते रोजचंच, पण त्या दिवशी उजेड असा विझला की झाडांवरचे दिवे आपोआप लागले. ढोल थांबले. माणसं धावत सुटली, आणि बघता बघता वाट रिकामी झाली. दोघं एका बंद खेळण्यांच्या दुकानाच्या पत्र्याखाली जाऊन उभे राहिले. पत्र्यावर पाऊस असा आदळायला लागला की स्वतःचाच आवाज ऐकू येईना. अंधारात ओल्या मातीचा वास, आणि त्यात तो संत्र्याचा वास.

"मला भीती वाटते रे," नेवा पुटपुटली. त्या पावसात, ओठांतल्या ओठांत. ते तिचं तिलाही ऐकू आलं नसेल.

"कसली?" त्याने विचारलं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती त्याच्या उजव्या बाजूला उभी होती. तो भेटल्यापासून उजव्या बाजूलाच चालत होती... आणि तो तिचा शब्द न् शब्द ऐकत होता.

 त्याचा हात तिच्या हातात होता. तो हात थंड नव्हता की गरमही नव्हता. तो सोडून द्यावा असं तिच्या मनात आलं, आणि तिने तो आणखी घट्ट धरला. का, ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही.

"नेवा," तो हळूच म्हणाला, "तो बाकावर का बसतो, माहितीये तुला? आळस नाही गं तो. रांगेत उभं असताना एखाद्या दिवशी तो खाली कोसळेल... आणि तू एकटी, सगळी परकी माणसं, कुणाला काय सांगायचं ते तुला कळणार नाही. बाकावर गेला तर निदान बसल्या जागी जाईल. तू शेजारी असशील. एवढंच आहे त्याच्या मनात."

तो 'मी' म्हणाला नव्हता. 'तो' म्हणाला होता.

"हे त्याने मला का नाही सांगितलं?" तिने विचारलं.

"तू तरी कुठे सांगितलंस? रात्री जागी राहून त्याचे श्वास मोजतेस ते?... धावपळ असली की मोजावे लागत नाहीत, म्हणून तुला तीन पार्क हवेत ते?"

वीज चमकली. त्या उजेडात त्याचा चेहरा अगदी लॉयडचाच होता, आणि त्यावर इतकी माया होती की नेवाला बघवेना.

"ती पण आत्ता हेच सांगतेय त्याला," तो म्हणाला.

"कोण... ती?"

गडगडाटात त्याचं उत्तर विरून गेलं. दिलं असेल तर.

पाऊस थांबल्यावर ते तिसऱ्या पार्कात गेले. तिथे काय काय पाहिलं ते नेवाला नीटसं आठवत नाही.  एकदा त्याने तिच्यासाठी लिंबाचं सरबत आणलं, स्वतःसाठी काही घेतलं नाही. पावणेसहाला, गाडीतळाकडे नेणाऱ्या छोट्या गाडीत ती चढली, तेव्हा तो खालीच उभा राहिला.

"तू हो पुढे," तो म्हणाला. गाडी सुटली. तो हात हलवत राहिला, आणि या वेळी मधे गर्दी वगैरे काही आली नाही. तरीही एका क्षणाला तो होता, आणि पुढच्या क्षणाला नव्हता.

लॉयड त्यांच्या जुन्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता. निळा सदरा घामाने भिजून गडद झालेला, चेहरा लालबुंद. तिला पाहताच त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"पाणी आणायला एवढा वेळ? आणि तू तिकडून कशी आलीस? आत्ता तर इकडे गेली होतीस!"

नेवा त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. "लॉयड, तू दिवसभर कुठे होतास?"

"कुठे म्हणजे? तुझ्याबरोबर. बाकावर." तो चिडलाच होता. "दहा मिनिटांत परत आलीस ना तू? म्हणालीस, 'जंगल गेलं खड्ड्यात, इथेच बसते.' मिरवणूक पाहिली, आईस्क्रीम खाल्लं. एकदाही घाई केली नाहीस. मला तेव्हाच जरा शंका आली होती म्हणा."

तो आपल्याच विनोदावर हसायला लागला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. तिने सगळं सांगितलं.  गाडीतळ रिकामा होत चालला होता, डबक्यांतून वाफ निघत होती.

"पाऊस पडत असताना," शेवटी तो म्हणाला, "तू मला सांगितलंस... तू रात्री माझे श्वास मोजतेस म्हणून."

"मी नाही सांगितलं."

"पण मोजतेस?"

"मोजते." तिचे डोळे भरून आले. "आणि तू? रांगेत पडशील, मी एकटी पडेन म्हणून बाकावर..."

लॉयडने टोपी काढली आणि उगीचच टोपीच्या आत बघत राहिला. बेचाळीस वर्षांत तिने त्याला असं पाहिलं नव्हतं. मग त्याने तिला जवळ घेतलं, भर गाडीतळावर, घामेजलेल्या सदऱ्यासकट. त्याच्या छातीत धडधडत होतं. तिने ते मोजलं नाही.

मोटेलवर पोहोचले तेव्हा अजून उजेड होता. कचेरीच्या दारात इव्हेलिस झाडांना पाणी घालत होती. तिने मान वर केली आणि तिच्या हातातल्या पाइपातलं पाणी तिच्याच बुटांवर पडायला लागलं.

"तुम्ही... परत बाहेर कधी गेलात?"

"परत म्हणजे?" नेवाने विचारलं.

"मॅडम, आत्ता अर्ध्या तासापूर्वी तर आलात दोघं. किल्ली खोलीतच विसरली म्हणालात, मी दुसरी दिली. उद्या एकच पार्क करायचा की तिन्ही, यावरून तुमची मस्करी चालली होती. मला म्हणालात, 'पोरी, तूच सांग.'"

नेवाने वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या खोलीत दिवा लागला होता. पडदा ओढलेला. पडद्यामागे दोन सावल्या होत्या. एक खुर्चीत बसलेली, दुसरी तिच्या पायांशी वाकून बूट काढत असलेली... सावकाश, जपून, दुखऱ्या पायांचे काढावेत तसे.

खोलीची किल्ली लॉयडच्या खिशात होती. त्याने ती बाहेर काढली, हातात वजन केल्यासारखी धरली, आणि पुन्हा खिशात टाकली.

"औषधं कुठेत माझी?" त्याने विचारलं.

"माझ्या पर्समध्ये."

"मग चल, घरी जाऊ."

कपडे, बॅगा, तिची नवी हॅट, सगळं तिथेच राहिलं. जॉर्जियाची हद्द लागेपर्यंत लॉयडने गाडी कुठे थांबवली नाही. पहाटे एका ढाब्यासारख्या ठिकाणी थांबून त्यांनी अंडी खाल्ली, आणि लॉयड एकाएकी म्हणाला, "बाई मोठी गोड होती हं ती." नेवा म्हणाली, "तो काही कमी नव्हता." दोघंही हसले, पण बाहेर गाडीकडे जाताना त्यांनी एकमेकांचा हात सोडला नाही.

कोकोमोला आल्यावर नेवाला शांत झोप लागायला लागली. लॉयड दुखलं तर 'दुखतंय' म्हणून सांगायला लागला. दहा दिवस गेले, आणि एका दुपारी, तो परसात टोमॅटोला काठ्या लावत असताना, तिने बॅगांची चौकशी करायला मोटेलला फोन लावला.

फोन इव्हेलिसनेच उचलला. "बॅगा?" ती गोंधळली. "स्टॉफर ना? पण मॅडम, ती खोली कुठे रिकामी झालीय? महिनाअखेरपर्यंत वाढवून घेतलीय ना. रोज नऊला बाहेर पडतात दोघं, हातात हात घालून. आज मात्र खोलीतच आहेत, पाय दुखतायत म्हणे... आपण कोण बोलताय? थांबा, मी वर जोडून देते."

"नको, नको, थांब..."

पण पलीकडे घंटी वाजायला लागली होती. एकदा. दोनदा. फोन खाली ठेवावा असं नेवाच्या मनात होतं, पण तिने तो कानाशीच धरून ठेवला. खिडकीतून तिला लॉयड दिसत होता, गुडघ्यांवर बसून सुतळी बांधत असलेला.

कुणीतरी फोन उचलला. कुणी 'हॅलो' म्हटलं नाही. थोडा वेळ नुसता श्वास, आणि मग तिच्याच आवाजात, अगदी हलकेच, शेजारी कुणी झोपलेलं असावं तसा प्रश्न आला.

"पोहोचलात ना नीट?"

 पलीकडे खोलीच्या आतून एक खोकला ऐकू आला, तिच्या चांगल्या ओळखीचा, आणि मागोमाग झोपाळलेला पुरुषी आवाज. "कोण आहे गं?"

"आपणच," तिकडची म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.