खोली फक्त फॅमिलीला

सुरतच्या उधन्यातल्या त्या गल्लीत शोभाबाईंच्या दारावर पाटी होती— ‘खोली भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिलीला.’ छायानं ती दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचणार, तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला,

“कितीही वाचा, बदलत नाही. मी महिनाभर वाचतोय!”

वळकटीला टेकून एक मुलगा बसला होता. उजव्या हाताला पट्टी, केस विस्कटलेले, आणि डोळे… आत्ताच कुणाची तरी खोडी काढून आल्यासारखे! आवाज मात्र केवढा. कापडाच्या मागांच्या खटखटाटात काम करणारे कुजबुजणं विसरूनच जातात.

“तुम्हाला कुणी विचारलं?” छाया फणकारली.

“कुणीच विचारत नाही ना, म्हणून आपणहून सांगतो. मी योगराज. ही खोली माझ्या काकूची. सख्खा पुतण्या, तरी मला नाही देत. म्हणते, आधी लग्न कर, मग किल्ली माग.”

छायाला हसू आलं. तिनं ते ओठांतच दाबलं, पण त्यानं पाहिलंच.

हसण्यासारखे दिवस नव्हते खरं तर. छायाचे आईवडील जालन्याहून सुरतेला पोटासाठी आले आणि ती बारा वर्षांची असताना एकामागून एक गेले. तेव्हापासून ती मुलींच्या वसतिगृहात वाढली. आता वीस पूर्ण झाली, आणि तिथला नियम म्हणजे नियम— रविवारी संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करायची. शिवणवर्गाचं सरकारी विद्यावेतन अजून सहा महिने मिळणार होतं, त्यात एका खोलीचं भाडं सहज भागलं असतं. पण एकट्या मुलीला खोली देतं कोण? नाही मिळाली, तर शिवणवर्ग सुटला आणि पुढे स्टेशनचा फलाट. जालन्यात तिचं कुणी उरलंच नव्हतं.

योगराजचीही तीच गत. हात मागात सापडला, कामगार विम्याचा अर्धा पगार सुरू झाला, पण कारखान्यातली झोपायची जागा बदलीच्या माणसाला गेली. तेव्हापासून ओटाच त्याचं घर.

“चला,” तो उठला. “दोघं मिळून शोधू. मला गल्ल्या माहीत आहेत, तुम्हाला…?”

“मला गुजराती वाचता येतं.”

“बघा! मला तेवढंच येत नाही.”

झालं. शिवणवर्ग सुटला की रोज दोघं निघायची. भेस्तानला एका मालकानं योगराजची पट्टी पाहून दार लावलं. पर्वत पाटिया भागात एका बाईनं छायाला खालून वर न्याहाळलं. “एकली छोकरीने नही, बेन.” एकट्या मुलीला खोली नाही, म्हणे. श्रावणाची भुरभुर चालू असायची. छत्री एकच, छायाची. योगराज इतका अंग चोरून चालायचा, की त्याचा अर्धा सदरा रोज भिजायचा.

“आत या की जरा,” ती एकदा म्हणाली.

“नको. तुमचं नाव खराब होईल.”

“आणि तुम्हाला ताप आला तर?”

“तर… तुम्ही बघायला याल.”

छायानं छत्री त्याच्याकडे कलती केली. मग तिचाही खांदा भिजला. छान वाटलं तिला!

शनिवारी भेस्तानच्या पलीकडे एका म्हाताऱ्या घरमालकानं दोघांकडे कौतुकानं पाहिलं. “नवां परण्या छो?” नवीन लग्न झालंय का, असं विचारत होता तो! किल्ली त्याच्या हातातच होती. योगराजची मान हो म्हणायला हलणार… पण छाया आधी बोलली.

“नाही, काका. आमचं लग्न नाही झालेलं.”

किल्ली खिशात गेली. दोघं परत निघाली.

“एक मान हलवली असती तर छप्पर मिळालं असतं,” तो म्हणाला.

“खोट्याच्या छपराखाली मला झोप येणार नाही. आणि… तसली गोष्ट घरमालकाला आधी सांगतात का? आधी मुलीला विचारतात.”

एवढं बोलून ती भराभर पुढे गेली. कान लाल झालेले त्याला दिसू नयेत म्हणून!

रविवार उजाडला. दुपारी छायानं पत्र्याची पेटी उचलली, वसतिगृहाच्या दाराला नमस्कार केला आणि सरळ शोभाबाईंकडे आली. पाटी असो, एकदा विनवून तरी बघू, नाहीतर स्टेशन.

पण त्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कानबाई बसली होती! खानदेशी लोकांचा श्रावणातला मोठा सण. चौरंगावर नथ घातलेली, दागिन्यांनी मढलेली देवी, भोवती बायकांची गाणी, तुपाचा घमघमाट. छाया पेटी धरून कोपऱ्यात उभी राहिली. शेजारच्या मंगलाबाई ताटं वाढत होत्या. भाऊबंदांपैकी कुणाची तरी नवी सून असेल, असं समजून त्यांनी तिला खांदा धरून खाली बसवलं.

“अय पोरी, उभी का? बस, जेव!”

ताटात जाड, खरपूस रोट, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर. छाया सकाळपासून उपाशी. तिनं रोटाचा मोठा तुकडा मोडला आणि खाल्ला.

“हाई कोनी पोर शे?” शोभाबाईंचा आवाज आला.

गाणी थांबली. कुणालाच माहीत नव्हतं, ही कुणाची पोर. मंगलाबाईंनी कपाळावर हात मारला. कानबाईचा रोट भाऊबंदांतच खायचा असतो, परक्याला देत नाहीत. छाया बिचारी जालन्याची, तिला काय ठाऊक! डोळे भरले. ती उठायला लागली…

शोभाबाईंनी तिला हातानं दाबून खाली बसवलं. पेटीकडे पाहिलं. मग देवीकडे.

“रोट पोटात गेला. आता ही परकी कशी म्हणू? माझ्या घरचीच झाली. आणि घरचं माणूस पेटी घेऊन दारोदार फिरणार नाही.” त्यांनी कमरेची किल्ली काढून छायाच्या ओंजळीत ठेवली. “खोली तुझी.”

“भाडं मी देईन!” छाया हुंदका आवरत म्हणाली. “दर महिन्याला. पावती माझ्या नावाची पाहिजे.”

“बघा, भाऊबंदांसारखी भांडतेसुद्धा!” शोभाबाई हसल्या. तेवढ्यात डोक्यावर भलं मोठं गंगाफळ घेऊन योगराज आत आला. “ये रे योगराज! कानबाईनं तुला बहीण दिली.”

गंगाफळ धप्पकन खाली!

“बहीण?” तो ओरडला. “काकू, कोणतंही नातं लाव, हे नको! मला… मला तिला अजून विचारायचंय!”

साऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

“काय विचारायचंय?” छाया ताटावरून उठली. हातात किल्ली, गालावर ओघळ, आणि ओठांवर ते दाबूनही न दबणारं हसू.

“तेच… जे आधी मुलीला विचारतात.”

“मग बाहेर चला. इथं सगळे ऐकतायत.”

“अगं, पण रोटाचं काय?” मंगलाबाई म्हणाल्या. “बहीण होणार की नाही?”

छाया उंबऱ्यावर थांबली. मागे वळून शोभाबाईंकडे पाहिलं. नजर खाली, पण आवाज अगदी स्वच्छ—

“काकू, घरची मी आहेच. पण… मला भाऊ नको.”