काकांचा लॉगिन

वेळ दुपारची होती, भुताखेतांची नव्हे. खिडक्यांतून आलेलं ऊन जिन्यावर पसरलं होतं आणि मास्तर छातीशी मॉनिटर धरून एकेक पायरी चढत होते. लिफ्ट चालू होती, पण तिच्यातून सामान न्यायला बंदी. आणि सामान म्हटलं की मास्तर. काम अगदी साधं होतं. वरच्या मजल्यावर सर्व्हर विभागात नवा माणूस येणार होता, त्याचं टेबल लावून द्यायचं. अशी टेबलं मास्तरांनी इतकी लावली होती, की डोळे बांधले तरी वायरी बरोबर भोकात गेल्या असत्या.

फरक एवढाच, की ज्याचं टेबल लावायचं होतं तो माणूस मेलेला होता.

हसू नका. नीट सांगतो.

मास्तर पूर्वी टायपिंगच्या क्लासात शिकवायचे, म्हणून मास्तर. क्लास बंद पडला तेव्हा चाळिशी दारात उभी होती. त्या वयात त्यांनी पोराटोरांच्या शेजारी बसून कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि या कंपनीच्या हेल्पडेस्कवर चिकटले. हेल्पडेस्क म्हणजे तळघरातली एक खोली. दिवसभर फोन वाजायचा. कुणाचा प्रिंटर अडायचा, कुणी पासवर्ड विसरायचं. आपण "हेल्पडेस्क, बोला, काय अडचण आहे?" म्हणायचं आणि शिव्या खात अडचण सोडवायची. या धंद्यातली ही पहिली पायरी. तिथून सर्व्हर विभागात जायचं, हा मास्तरांचा एकच ध्यास होता. जेवणाच्या सुटीत वाचून वाचून त्यांनी त्याची परीक्षाही दिली, पासही झाले.

आता त्या खोलीची एक रीत होती. नव्या माणसाला स्वतःचा लॉगिन मिळायचा नाही. नवा लॉगिन काढायचा तर वरची सही लागते आणि सही करणाऱ्यांना वेळ नसतो. म्हणून सोडून गेलेल्याच्या लॉगिनवर नव्याला बसवायचं, "तुमचा येईपर्यंत." याला सगळे उष्ट्यावर बसणं म्हणत. मास्तरांना मिळाला काकांचा.

काकांना मास्तरांनी पाहिलेलं नव्हतं. इतकंच ऐकलेलं, की ते त्याच खुर्चीत, कानाला हेडफोन असतानाच गेले. पलीकडचा माणूस बराच वेळ "हॅलो, हॅलो" करत होता आणि मग त्यानं काकांची तक्रार केली. पगाराच्या यादीतून काकांचं नाव त्याच महिन्यात कापलं गेलं. त्याला कुणाची सही लागली नाही. लॉगिन मात्र चालूच राहिला. रोज सकाळी मास्तर त्या खुर्चीत बसायचे, काकांचं नाव टाकायचे, आणि पडदा म्हणायचा, काका, आपलं स्वागत आहे.

वर्षं गेली. मास्तरांचा लॉगिन काही आला नाही.

"तुमची बढती म्हणजे आमच्या नळाचं पाणी," बायको म्हणायची. "येणार येणार म्हणून बादली लावून बसायचं."

"अगं, या खेपेला नक्की."

"बरं. मग बादली काढत नाही."

आणि त्या खेपेला झालं ते असं. कुणाला बढती द्यायची हे आता माणसं ठरवत नव्हती, एक प्रोग्राम ठरवत होता. कुणी किती तक्रारी सोडवल्या, किती लवकर, किती नीट, सगळं पाहून त्यानं अख्ख्या हेल्पडेस्कमधून एकच नाव काढलं. काकांचं.

मास्तर हेल्पडेस्कच्या प्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये गेले. जन्मात कुणापुढे आवाज न चढवलेला माणूस. हात मागे बांधून उभे राहिले.

"मॅडम, ते काम माझं आहे."

"मला का माहीत नाही, मास्तर? पण नाव मुख्य कार्यालयात मंजूर होऊन आलंय. आता परत फिरवलं तर विचारतील, मेलेल्याचा लॉगिन चालू कसा? काय सांगू?"

"खरं सांगा."

मॅडम त्यांच्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मास्तरांनी काही चावट गोष्ट सुचवली होती. मग त्या समजुतीनं म्हणाल्या, "हे बघा, पुढच्या तिमाहीत मी काकांचं सगळं काम गुपचूप तुमच्या नावावर वळवते. तेव्हा ती खुर्ची तुमचीच. तोवर तो लॉगिन चालू ठेवा. बंद केलात तर सगळं पुसलं जाईल, मग देवही काही करू शकणार नाही. आणि खरं सांगू? तुमच्याशिवाय हेल्पडेस्क चालणार कसा?"

उठताना त्या म्हणाल्या, "आणि वरचं टेबल तेवढं लावून टाका. मुख्य कार्यालयवाले तपासणीला येतात."

तर असे मास्तर जिना चढत होते. आपल्या हातानं, आपल्या बढतीवर, दुसऱ्याचं टेबल लावायला. कानशिलं तापली होती. मॉनिटर आपटावा असं वाटत होतं आणि तो जपून धरायची सवय सुटत नव्हती.

वरचा मजला रिकामा होता. कंपनीची मोठी सभा होती, झाडून सगळे खालच्या सभागृहात गेले होते. टाळ्यांचा आवाज मधूनच फरशीतून वर यायचा, पाण्याखालून आल्यासारखा. काकांचं टेबल खिडकीपाशी होतं. मास्तरांनी मॉनिटर ठेवला, खाली वाकून वायरी जोडल्या, फोन लावला. कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर काकांचं नाव आलं, त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट.

तेव्हा पहिल्यांदा वास आला. डोकेदुखीच्या बामाचा. उग्र, ताजा, जणू कुणी आत्ताच कपाळावर चोळून डबी बंद केली होती.

आणि फोन वाजला.

फोनच्या छोट्या पट्टीवर आतल्या लाइनचा नंबर उमटला होता. तो मास्तरांच्याच टेबलाचा होता. तळघरातला. मास्तरांना चीड आली. हा चष्मिशचा चावटपणा. शेजारच्या खुर्चीतला तो पोरगेला गडी सदा कुणाची ना कुणाची टोपी उडवायचा.

"चष्मिश, पुरे हं. माझं डोकं ठिकाणावर नाही आज."

पलीकडून एक दमलेला, मऊ आवाज आला.

"हेल्पडेस्क… बोला, काय अडचण आहे?"

"अरे, फोन तू केलायस."

"हो का…" आवाज ओशाळला. "सवय हो."

हा चष्मिश नव्हता. त्या आवाजामागे कुणीतरी टाइप करत होतं. मास्तरांचा कान त्या कामात मुरलेला. दोनच बोटं चालत होती, जड, शोधत शोधत. आणि समोरच्या पडद्यावर, त्या रिकाम्या चौकटीत, एकेक ठिपका उमटत होता. एक टक, एक ठिपका. टक… ठिपका.

नव्या टेबलाचा कीबोर्ड अजून खोक्यातच होता. खोक्याची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती.

मास्तरांनी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"का… काका?"

"तुम्ही मास्तर ना? तुमचे हात ओळखतो मी. फार नेटकी चालतात तुमची बोटं. मला कधी जमलं नाही ते." जरा थांबून आवाज म्हणाला, "बढती मिळाली म्हणे मला."

नवल बघा. भीती वाटायला हवी होती. पण ते वाक्य ऐकलं आणि मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मिळाली ना! माझ्या जिवावर मिळाली! सुटीच्या दिवशी येऊन केलेलं काम आहे ते. सासरे दवाखान्यात असताना मी इथे लोकांचे पासवर्ड बदलत होतो. तुम्ही मेलात, सुटलात. वर माझ्या ताटातलं ओढून घ्यायला लाज नाही वाटत?"

"मागितली होती हो मी," आवाज म्हणाला. "जिवंतपणी. दर वर्षी मागायचो. म्हणायचे, काका, तुमच्याशिवाय हेल्पडेस्क चालणार कसा?…"

मास्तरांनी रिकामी खुर्ची टेबलाशी सरकवली.

"मग आता घ्या," ते पुटपुटले. "खुर्ची लावून ठेवलीय. या. बसा."

"नको. बसून बसून पाठ गेली माझी… मला घरी जायचंय, मास्तर. पण सकाळी तुम्ही माझं नाव टाकता, की मला उठावंच लागतं. रोज. तुम्ही जेवायला जाता ना, तेवढाच काय तो डोळा लागतो."

खाली टाळ्या वाजल्या. खूप वेळ वाजत राहिल्या.

"इतकी वर्षं…" मास्तर म्हणाले. "मला काय माहीत हो काका."

"तुमचा काय दोष? मीसुद्धा कुणाच्या तरी उष्ट्यावर बसलो होतो. कोण होता बिचारा, विचारलं नाही कधी… बंद करा ना तो. उघडायला सही लागते, बंद करायला लागत नाही."

"बंद केला तर माझं सगळं काम जाईल, काका."

"जाईल," आवाज म्हणाला. खोटा दिलासा त्यानं दिला नाही.

"मॅडम म्हणाल्यात, पुढच्या तिमाहीत…"

"मलाही म्हणाल्या होत्या."

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. नुसती ती दोन बोटं चालत राहिली. मास्तरांनीच रिसीव्हर ठेवला.

ते तळघरात उतरले ते धावत नाही, सावकाश. हेल्पडेस्कची खोली रिकामी होती. त्यांची खुर्ची टेबलापासून जरा मागे सरकलेली, नुकतंच कुणी उठल्यासारखी. हेडफोन उचलले, तर कानाची गादी ऊबदार होती. बामाचा वास डोळ्यांत झोंबत होता.

मास्तर बसले. आपल्या स्वतःच्या कामाचा ढीग त्यांनी पडद्यावर एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. प्रत्येक ओळीला काकांचं नाव. हे पुसलं की उद्या आपण कालच नोकरीला लागल्यासारखे. घरी बादली लावून बसलेल्या बाईला काय सांगायचं? त्यांनी हात मागे घेतला. मग पुन्हा पुढे केला. राग काकांवर होता तो केव्हाच ओसरला होता. पण राग गेला नव्हता, त्याला फक्त खरा पत्ता सापडला होता. जिवंतपणी एका माणसाला राबवलं, मेल्यावर राबवलं, आणि बक्षीस म्हणून आणखी एक खुर्ची!

त्यांनी लॉगिन बंद केला.

शेजारी कुणीतरी लांब श्वास सोडला. ओझं खाली ठेवताना हमाल सोडतो तसा. वास गेला. संपलं.

सभा सुटल्यावर मॅडम तणतणत खाली आल्या. "कुणी केलं हे?"

"मी," मास्तर म्हणाले.

"वर मी काय तोंड दाखवू?"

"मेलेल्या माणसाचं टेबल लावायला सांगताना तोंडाचा प्रश्न आला नाही, मॅडम?"

चष्मिशनं हातातला कप तोंडापाशीच धरून ठेवला. मास्तरांचा आवाज एवढा चढतो, हे त्या खोलीला ठाऊक नव्हतं. पण लॉगिनशिवाय मास्तरांना कामाला बसता येईना. फोन तुंबले होते, कुणीतरी ते घ्यायलाच हवे होते. म्हणून जी सही इतकी वर्षं झाली नव्हती ती संध्याकाळच्या आत झाली. मास्तरांना स्वतःच्या नावाचा लॉगिन मिळाला. आणि त्याच दिवसापासून लॉगिन बंद करायलाही वरची सही लागू लागली.

"सगळं गेलं म्हणता?" बायकोनं विचारलं.

"सगळं."

तिनं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "बरं केलंत," म्हणाली. "पण इथे राहू नका आता."

मास्तर राहिले नाहीत. स्वतःच्या नावावर काही काळ राबले, परीक्षेचा कागद घेऊन दारोदार हिंडले, आणि शेवटी दुसऱ्या एका कंपनीत सर्व्हर विभागात लागले. पहिली पायरी सुटली. जुन्या ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी त्यांनी मॅडमसमोर उभं राहून एकच गोष्ट मागितली.

"माझा लॉगिन बंद करा. आत्ता. माझ्यासमोर."

"करते हो. सही झाली की करते."

पुढच्या आठवड्यात चष्मिशचा फोन आला. "मास्तर, तुमच्या जागी एक नवी मुलगी आलीय. हुशार आहे. तुमच्याच लॉगिनवर बसवलीय, तिचा येईपर्यंत."

मास्तरांनी मॅडमना फोन केले, पत्रं लिहिली. एकदा तर जाऊन दारात उभे राहिले. पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही. म्हणाला, तुम्ही इथले नाही. हे ऐकून मास्तर भर रस्त्यात असे ओरडले की लोक थांबून बघू लागले. "मी इथला नाही, तर माझं नाव आत काय करतंय?"

पहारेकऱ्यानं फाटक लावून घेतलं.

आता शेवटचं सांगतो. सुटीचा दिवस होता, सकाळची वेळ. बायकोला माहेरी फोन लावायचा होता. बोट चुकलं आणि मास्तरांच्या जुन्या टेबलाचा नंबर लागला. पलीकडून मास्तरच बोलले. त्या क्षणी तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. इतकी वर्षं तिथे तेच बोलत आले होते. ती नेहमीसारखं म्हणाली, "अहो, येताना दूध आणा." पलीकडून "बरं" आलं. मग दमलेल्या आवाजात, "तू जेवून घे. मला यायला उशीर होईल."

तिनं फोन ठेवला. तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं आणि मास्तर डोकं पुसत बाहेर आले.

"कोणाशी बोलत होतीस?"

तिनं सांगितलं. मास्तर ओलं डोकं तसंच ठेवून खुर्चीत बसून राहिले.

निजायच्या वेळी मास्तरांनी दाराला कडी घातली. थोड्या वेळानं ती उठली. अंधारात चाचपडत गेली आणि तिनं कडी काढली.

"अगं…"

"उशीर होईल म्हणालेत," ती हळूच म्हणाली. "दमून येतील. दारात उभं कसं ठेवायचं?"