वेंगची उत्तरं

आमच्या शहरात, कुबाओ भागात, बसस्टँडच्या मागे एक बेकरी आहे. तिच्या वरच्या मजल्यावर मी पोरींना नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून देते. अकरा वर्षं कॉल सेंटरात काढली, त्यातली चार उमेदवार निवडण्यात, त्यामुळे कोण थापा मारतंय ते मला पहिल्या वाक्यात कळतं. सहा खुर्च्या, एक मान फिरवणारा पंखा आणि खालून दिवसभर येणारा गरम पावाचा वास, एवढाच माझा पसारा. नियमही एकच. पोपटपंची चालणार नाही, उत्तर आपल्या घरातलं हवं. "तुमच्यातला एक दोष सांगा" म्हटलं की निम्म्या जणी तोऱ्यात सांगतात, "मी फार मेहनत करते." अगं बये, हा दोष असेल तर देव करो आणि सगळ्यांनाच लागो!

वेंगचं उलटं होतं. बोलायची खरं, पण इंग्रजीत तोंड उघडलं की तिला दरदरून घाम फुटायचा. तीनदा नापास झाली होती. चौथी मुलाखत शुक्रवारी होती. तीही गेली असती तर सोमवारी रियाधच्या विमानात बसायचं, परक्या घरची भांडी घासायला, दोन वर्षं. तिची तीन वर्षांची लेक तिनाय आजीपाशी राहणार होती.

"मिस पुरिंग, ती मला विसरेल हो," वेंग म्हणायची.

"विसरायला तू जातेयस कुठे? पाठ ताठ कर आणि बोल."

"पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?" या एकाच प्रश्नाला ती अडखळत नसे. "तिनाय आठ वर्षांची असेल. रात्रपाळी करून मी सकाळी घरी येईन, तिची वेणी घालीन, तिला शाळेत सोडीन आणि मग झोपेन." इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण मी त्यातला एक शब्द बदलला नव्हता.

मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. ती मायलीनच्या घरी होती. मायलीन तिची जिवाभावाची मैत्रीण आणि माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. डेंग्यूनं पाच दिवसांत गेली. शवपेटी घरातच ठेवली होती आणि माणसं येऊन बसत होती.

"मिस, आज सरावाला नाही आले तर चालेल का? घरी जायच्या आधी कुठंतरी थांबायला हवं ना."

आमच्याकडे मयताच्या घरून कुणी थेट आपल्या घरी जात नाही. वाटेत दुसरीकडे थांबायचं, मागे लागून आलेलं तिथे झटकून टाकायचं आणि मग घर गाठायचं. याला पागपाग म्हणतात. घरात लेकरू असेल तर कुणी ते चुकवत नाही. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता.

"मग इथेच थांब की!" मी म्हणाले. "झटकणंही होईल आणि सरावही."

तीनच्या सुमारास ती आली. डोळे सुजलेले होते. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली. मी नेहमीसारखा समोरचा कागद उचलला आणि परीक्षकाच्या आवाजात नाव वाचलं. नाव ऐकलं की ताठ बसून "येस" म्हणायचं, अशी मी सगळ्यांना सवयच लावली आहे.

"मायलीन दिमायुगा?"

"येस, मॅम," वेंग म्हणाली.

जुना कागद वर राहिला होता. माझ्या लक्षात आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफ कर गं पोरी, चुकून वाचलं." ती रडली नाही की दचकली नाही. पंखा तिच्याकडे वळला. टेबलावरचे कागद फडफडले, पण तिचे केस हलले नाहीत. निदान मला तसं वाटलं.

"विचारा ना," ती म्हणाली.

मी विचारत गेले आणि पोरगी बोलत गेली. सावकाश, नेमकं, कुठे घाम नाही. खोटं कशाला सांगू, मी हरखले. दुःखानं कधीकधी जीभ मोकळी होते, अशी मनाची समजूतही घातली. मग दोष विचारला.

"मला सकाळी जाग येत नाही. माझा भाऊ त्याचा झुंजीचा कोंबडा आणून माझ्या उशाशी सोडतो."

वेंगला भाऊ नाही. कोंबडेवाला भाऊ मायलीनचा.

"तिच्या आठवणीत बोलून गेलीस का गं?"

"कुणाच्या?"

मी घाईनं पुढचा प्रश्न घेतला. पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?

तिची पापणी लवेना, छाती वरखाली होईना. खाली बेकरीत ट्रे आपटत होते. मी मनात वीसपर्यंत आकडे म्हटले. मग तिनं मान जराशी हलवली.

"पुढचा प्रश्न, मॅम?"

बुधवारी तेच, गुरुवारीही तेच. बाकी उत्तरं एकाहून एक सरस, आणि त्या प्रश्नावर समोर नुसतं धड बसलेलं. शेवटी मी तिचंच उत्तर तिला वाचून दाखवलं. तिनाय, वेणी, शाळा, सगळं. तिनं लक्ष देऊन ऐकलं.

"छान आहे. कुणाचं आहे?"

तिच्या आईला विचारावं म्हणून मी फोन हातात घेतला. पण मुलाखत दुसऱ्या दिवशी होती, आणि ही वेंग पास होणार हे मला दिसत होतं. मी तिच्या घरी फोन केला नाही. सांगायला लाज वाटते, मी ते उत्तर तिच्याकडून घोकून घेतलं. तेही तिच्यात टिकेना.

शुक्रवारी ती पास होऊन आली.

"तो प्रश्न विचारला का?" मी आधी तेच विचारलं.

"विचारला ना. मी म्हटलं, मी इथेच असेन. मला आता परत जायचं नाही. साहेब खूश झाले. म्हणाले, अशी टिकणारी माणसंच हवीत."

हसताना तिनं तळहात तोंडावर धरला. मायलीन तशी हसायची.

शनिवारी वेंगची आई जिना चढून आली. कडेवर तिनाय होती, रडून रडून लाल झालेली.

"नोकरी लागली, देव पावला म्हणायचा. पण मिस, ही तिच्याजवळ जात नाही हो. मंगळवारपासून चाललंय. वेंग समोर उभी असते आणि ही म्हणते, आईला आणा."

"वेंग दमली असेल. होईल सगळं ठीक," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला.

तिनाय एकाएकी रडायची थांबली.

आजीच्या खांद्यावरून ती खिडकीकडे बघत होती. मग वाकली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले, उचलून घे म्हणून.

खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती.

"बघा, आता काय खुळ भरलंय," आजी म्हणाली आणि तिला घेऊन जिना उतरली. पोरीचं किंचाळणं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.

दोनला नवी मुलगी आली, आर्लीन नावाची. मी तिला सगळे प्रश्न विचारले. शेवटचा नेहमीचाच. त्याला कधी "नाही" म्हणायचं नसतं, काहीतरी विचारायचंच, हे मी प्रत्येकीला बजावते.

"तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे?"

आर्लीननं तोंड उघडलं, पण तिच्या आधीच त्या रिकाम्या खुर्चीतून कुणीतरी बोललं. तिनं मान वळवून खिडकीकडे पाहिलं, म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं.

"मिस, तिनायला का जाऊ दिलंत?"