एका शिळेतले दोघे

ज्या माणसाच्या नावानं मी सकाळपासून खडे फोडत होते, तो चहाच्या मशीनपाशी नेमका माझ्या मागे उभा होता. मला काय ठाऊक? मी आपली फोनवर ताईला सांगत होते, "अगं, कुणीतरी पक्षीवाला आहे. एकच आवाज दोनदा भरतो. डोक्याला ताप नुसता."

"तो मीच," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. "आणि आवाज एक नाहीये... दोन आहेत."

आमच्या संस्थेच्या पक्षीकोशाची रचना माझी. पक्षी, जागा, वेळ, आवाज — कुठल्या माहितीला कुठला कप्पा, सगळं मी ठरवलेलं. एका ध्वनिमुद्रणाला एकच पक्षी. दुसरा भरला की यंत्रणा तो पुसून टाकायची. त्याच संध्याकाळी रचना कायमची पक्की होणार होती, पुढे बदल नाही, आणि मला तिचा भारी तोरा होता.

"जरा ऐकाल?" त्यानं हेडफोन पुढे केला. नखांत चिखल, पण हेडफोन लख्ख पुसलेला.

एक शीळ चढत गेली आणि मध्येच वळून खाली उतरली.

"एकच तर आहे," मी म्हणाले.

"दोन्ही आवाज मी वेगळे केलेत. आता फक्त डाव्या कानानं ऐका."

शीळ अर्धी झाली, जागोजागी फाटलेली. उजव्या कानात तेवढेच सूर होते, जे डावीकडे नव्हते. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. एवढीशी पाखरं, दोन फांद्यांवर बसून, मिळून एकच शीळ घालत होती! आणि त्यातलं एक मी रोज पुसत होते.

"कोण पुसलं जातं, माहितीये?" तो म्हणाला. "मादी. तिचे सूर मी दुसऱ्यांदा भरतो ना."

"आधी सांगायचं नाही?"

"सांगितलं की. तुम्ही उत्तरात नियम पाठवलात."

मी तडक आमच्या संचालक मॅडमच्या खोलीत गेले. "मॅडम, माझी रचना तोकडी पडतेय. दोन कप्पे वाढवू द्या. आवाज नराचा की मादीचा, आणि कुणाच्या जोडीनं."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "आजच्या आज? जुन्या नोंदी कोण तपासणार? तू एकटी?"

दाराशी तो घुटमळत होता. "हे आहेत ना," मी म्हणाले.

मग दिवसभर शेजारी शेजारी बसून आम्ही एकेक मादी परत आणली. दर वेळी मी थक्क व्हायचे, आणि तो आवाजाऐवजी माझ्याकडेच बघायचा. शेवटची नोंद भरताना मी विचारलं, "आधी कोण सुरू करतं?"

"बहुतेक वेळा... ती."

"आणि त्यानं उशीर केला तर?"

"ती गप्प होते. कधी उडूनही जाते."

म्हटलं, होऊन जाऊ दे. "मग ऐका. तुम्ही मला आवडता."

तो स्क्रीनकडे बघत राहिला. कान लालबुंद. मी पर्स उचलली.

"थांब ना," तो घाईघाईनं म्हणाला. "मलाही तू आवडतेस... तो खडूस नियम पाठवलास तेव्हापासून. उद्या परत रानात चाललोय. येशील? समोर बसून ऐकू दोघांना."

मी तिथल्या तिथे मॅडमना रजेचा मेसेज टाकला.