भिंतीपलीकडची हजेरी

महापालिकेने किनाऱ्यावर भिंत बांधायला घेतली तेव्हा वसाहतीच्या रहिवासी संघाला कुणी विचारलं नाही. काम शनिवारी सुरू झालं आणि कागद सोमवारी आला. लाटांपासून संरक्षण, असं त्यात लिहिलं होतं. चाळीस वर्षांत लाटेने वसाहतीतल्या वीस घरांपैकी एकाची पायरीसुद्धा ओली केली नव्हती.

"संरक्षण म्हणे," संघाच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "उद्या आपल्याला आपल्याच घरापासून वाचवतील."

बाई तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. राग कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि या वेळी त्याला कारणही तसंच होतं. चौदा नंबर हे त्यांचं घर, आणि त्यांचे यजमान एकतीस वर्षं रोज समुद्रात पोहत होते. छातीचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, पोहणं एक दिवसही सोडू नका, तुमचं सगळं त्यावरच चाललंय. आता तिथे दोन पुरुष उंच भिंत उभी राहत होती, तीही बिनदाराची. दक्षिणेच्या टोकाला माणूस जाईल एवढी फट तेवढी उरली होती. यजमान तिथून जायचे.

बाई पालिकेत जाऊन भांडल्या. अधिकारी कागदातून डोकं वर न काढता म्हणाला, "शुक्रवारी सुनावणी आहे. त्याआधी लागोपाठ तीन दिवस सभा घ्या. दर सभेला किमान अकरा घरं हजर हवीत. हजेरीपट जोडा, नाहीतर हरकत फेटाळली असं समजा."

"तीन दिवस कशाला? एकदा नाही म्हटलेलं कळत नाही का तुम्हाला?"

"नियम आहे."

नियमाला बाई घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. मंगळवारी चारच्या उन्हात त्यांनी भिंतीच्या पायथ्याशीच सभा बोलावली. सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन आले. ओल्या सिमेंटचा वास नाकात बसत होता आणि भिंतीपलीकडून लाटांचा आवाज दबून येत होता. बाईंची हजेरी घ्यायची पद्धत शाळेतलीच होती. मान खाली, पेन हातात, घराचा नंबर पुकारायचा, "हजर" कानावर आलं की खूण करायची. हजेरी घेणाऱ्याने स्वतःची हजेरी लावायची नाही, हाही त्यांचाच दंडक. म्हणून चौदा नंबरला उत्तर यजमान द्यायचे.

"तीन."

"हजर."

बाईंनी खूण केली. हजेरी संपली आणि गळ्यात टेप लटकवलेला तीन नंबरचा शिंपी धावत आला. "माफ करा बाई, गिऱ्हाईक उठेना."

"मग मघाशी ओरडलं कोण?"

सगळे भिंतीकडे बघत होते. आवाज तिकडून आला होता, आणि तो शिंप्याचाच होता. बाईंनी कामावरच्या मुकादमाला शिडी लावून वर चढायला लावलं. तो उतरला तेव्हा तोंड पुसत होता. "कुणी नाही. वाळूवर पाऊलसुद्धा नाही."

"कुणाचा तरी चावटपणा आहे," बाई म्हणाल्या, आणि सतरा घरांच्या हजेरीवर ठराव लिहून मोकळ्या झाल्या.

बुधवारी शिंपी आला नाही. बाई तरातरा त्याच्या दुकानात गेल्या. तो काज करत बसला होता.

"सभेला का नाही आलात?"

"कसली सभा?"

"समुद्र बंद करतायत तुमचा, आणि कसली सभा विचारता?"

शिंप्याने सुई थांबवली. थट्टेचा मागमूस नव्हता चेहऱ्यावर. "इथे कुठला समुद्र, बाई?"

बाई इतक्या संतापल्या की दार आपटून बाहेर पडल्या. पालिकेने याला फोडला, हेच त्यांच्या मनात आलं. त्याच रागात त्या हजेरीला बसल्या आणि नंबरामागून नंबर पुकारत गेल्या. पाच वेळा उत्तर भिंतीकडून आलं. समोर बसलेल्या माणसांनी तोंड उघडायच्या आत, त्यांच्याच आवाजात. हाताला तीस वर्षांची सवय. खुणा होऊन गेल्या.

मग ती पाच माणसं उठली. औषधांच्या दुकानवाल्याने अवघडून इकडेतिकडे पाहिलं. "आपण उन्हात का बसलोय?" त्याने शेजारणीला विचारलं. तिलाही सांगता येईना. पाचही जण खुर्च्या मिटून घरी गेले.

बाईंना तेव्हा समजलं, भिंतीच्या 'हजर'वर खूण झाली की ते माणूस समुद्र विसरतं. ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती, पण समजलं. उद्या मान वर करून, समोर माणूस पाहूनच खूण करायची, असं त्यांनी ठरवलं.

गुरुवारी तसंच केलं. समोर दहा जण होते, दहा खुणा झाल्या. भिंत गप्प होती. चौदा नंबर तेवढा राहिला होता. यजमान पोहायला जातो म्हणून तीनला निघाले होते. साडेचार वाजले. पाच वाजले. माणसं चुळबुळ करू लागली. एक घर कमी पडलं म्हणून त्या अधिकाऱ्यापुढे हात हलवत जायचं, या विचाराने बाईंच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

"चौदा," त्या ओरडल्या.

"हजर."

भिंतीपलीकडून. पाण्यातून बाहेर आल्यावर यजमानांना जशी धाप लागते, तशी धाप होती आवाजात. ते तिथेच असणार. पोहायलाच तर गेलेत. बाईंनी स्वतःला हे दोनदा सांगितलं. त्यांना जिंकायचं होतं.

त्यांनी खूण केली.

मुकादम समोरून हात पुसत चालला होता. "ती फट कधी बुजवणार आहात?" बाईंनी विचारलं.

"सकाळीच बुजवली की."

बाई धावत घरी आल्या. यजमान समुद्राकडच्या खिडकीसमोर कपाट सरकवत होते. केस कोरडे होते.

"पोहायला नाही गेलात?"

"मी?" ते हसले. "मला कुठे पोहता येतं?"

रात्रभर बाईंनी हजेरीपट छातीशी धरून ठेवला. रडू आलं ते त्यांनी रागातच गिळलं. सकाळी त्या पालिकेत पोचल्या. किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावर, अधिकाऱ्याच्या टेबलासमोर. काय काय बोलायचं ते सगळं जिभेवर होतं.

अधिकाऱ्याने मान खाली घालून पेन उघडलं.

"सुनावणीची हजेरी. रहिवासी संघाच्या सेक्रेटरी?"

बाईंनी ओठ घट्ट मिटले.

"हजर," त्याच्या मागच्या भिंतीतून आवाज आला. करडा, संतापलेला, ओळखीचा.

अधिकाऱ्याने खूण केली.

"बोला बाई. काय हरकत आहे तुमची?"

बाईंनी हातातली फाइल उघडून पाहिली. अक्षर त्यांचंच होतं. "काही नाही," त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना इतकं शांत वाटत होतं.

घरी यजमान पलंगाच्या कडेवर बसले होते. छातीवर हात, चेहरा घामाने डबडबलेला. बाई शेजारी बसल्या. चपलेत काही टोचत होतं. काढून झटकली तर मूठभर ओली वाळू लादीवर पडली.

"डॉक्टरांनी तुम्हाला रोज काहीतरी करायला सांगितलं होतं ना?" बाईंनी विचारलं.

"हो," यजमान म्हणाले. "काय बरं?"

दोघांनी बराच वेळ आठवून पाहिलं.