तुम्ही म्हणाल तसं

२०४१ सालीही साताऱ्याच्या शिंत्रे गुंतवणूक सल्ला केंद्रात चारशे बारा ग्राहकांची माहिती एक्सेलच्या तक्त्यांत होती, आणि वैजयंता शिंत्रेंना त्याची तिळमात्र लाज नव्हती. सरकारी नियम आला म्हणून दुपारी अन्वय चाफेकर ‘एकत्रक’ ही नवी प्रणाली बसवायला आला. माहिती आत जाऊ लागली, जुने तक्ते कुलूपबंद झाले, आणि मग त्याने सहज सांगितलं की एकत्रक नावावर विश्वासच ठेवत नाही. माणूस काय घेतो, कधी विकतो, कशाला घाबरतो, यावरून तो ‘निर्णयठसा’ काढतो. ठसे जुळले की नोंदी एक होतात, आणि पाच वाजता त्यांतले पत्ते सगळ्या सहधारकांना आपोआप जातात.

बाईंनी घाईघाईने त्याला दोन ओळी दाखवल्या. तीनशे सहावी ओळ सौ. वृंदा सरनोबत, नवऱ्याबरोबर संयुक्त खातं. तीनशे सातवी रेवती दाभाडे. दोन्ही नावांची बाई एकच. लग्नात तांदळात लिहून बदललेलं नाव तिने सहा वर्षांपूर्वी मारझोडीला कंटाळून सासरीच टाकलं आणि दूरच्या गावी बिऱ्हाड केलं. तिचा पत्ता नवऱ्याला लागू नये म्हणून बाईंनी मुद्दाम दोन ओळी ठेवल्या होत्या.

हे ऐकून अन्वयचा चेहरा उतरला. बनावट नावं पकडायलाच एकत्रक बनवला होता; त्याच्या जुळवणीत माणसाला हात घालता येत नव्हता.

चार चाळीसला निकाल आला. एकूण ग्राहक: एक. नाव: वैजयंता शिंत्रे.

बाई म्हणाल्या, यंत्र बिघडलंय तुमचं. अन्वयने शेऱ्यांचा रकाना उघडला. ओळीमागून ओळ बाईंनीच टाइप केलं होतं, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ बावीस वर्षं ग्राहक फोनवर हेच म्हणत आले होते, आणि बाईंना त्याचा कोण अभिमान!

“बिघडलेलं नाही,” अन्वय म्हणाला. “नावं चारशे बारा आहेत, पण ठरवणारं डोकं एकच. तुमचं.”

म्हणजे पाचला सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना जाणार, सरनोबतलाही. सुटका एकच होती: ग्राहकाचा नवा निर्णय पाचपर्यंत नोंदवता येत होता. रेवतीच्या ओळीत तिचा स्वतःचा एक जरी निर्णय पडला, तरी तिचा ठसा वेगळा निघेल. वृंदाच्या ओळीत तिचं स्वतःचं काहीच नसल्यामुळे तो तिथेही जुळणार नाही.

“फक्त सुचवू नका. सुचवलंत की तो परत तुमचाच ठसा,” अन्वयने बजावलं.

बाईंनी फोन लावला. “रेवती, तुझ्या ठेवीचं काय करायचं?”

“ताई, तुम्ही म्हणाल तसं.”

“आज मी काहीच म्हणत नाही.”

घड्याळात चार चोपन्न झाले.

“रागावणार नाही ना?” रेवती चाचरत म्हणाली. “मोडा ती. मला टेम्पो घ्यायचाय. चालवायला शिकलेय मी.”

ठेव मोडून टेम्पो! अगं वेडी का तू, हे बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. दात आवळून त्यांनी तो निर्णय जसाच्या तसा टाइप केला.

चार सत्तावन्नला पडद्यावरचा आकडा बदलला. एकूण ग्राहक: दोन.

“ताई,” फोनवरून आवाज आला, “बरोबर केलं ना मी?”

पाचला अजून तीन मिनिटं होती. वैजयंताबाईंनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.