बिनरांगोळीचं माजघर

"साहेब, माझ्या मालकाला फाशी देनार हायेत!" भागूबाईनं आगट्यांच्या दारातच हंबरडा फोडला.

साल एकोणीसशे अठ्ठावन्न. कोळवणच्या कोंडाजी पाटलांचं पेशवाईतलं घर आतून टिपायला पुण्याचे छायाचित्रकार मोरेश्वर लेले गेले, आणि संध्याकाळी घरामागच्या ओढ्यात डोकं फुटलेले सापडले. शेजारीच त्यांचा मोठा कॅमेरा, काचा चक्काचूर. माजघरातला कोरीव देव्हारा गायब. लेल्यांचा खिशात मावणारा छोटा कॅमेरा मात्र निघाला नाथा धनगराच्या घोंगडीखाली. फौजदारांना आणखी काय हवं होतं? नाथाला बेड्या पडल्या. भागूबाई त्याची बायको.

खाजगी गुप्तहेर आगटे म्हणजे तिरसट माणूस, पण डोकं तल्लख. त्यांचे मित्र मुकुंदराव स्वभावानं फार चांगले. आणखी काही विचारू नका. दोघं एसटीनं कोळवणला पोचले.

"काय सुरेख सारवलंय हो!" माजघरात शिरताच मुकुंदराव म्हणाले.

"बायकोनं सारवलं," कोंडाजी म्हणाले. "लेले यायच्या आदी, सकाळीच. फोटू चांगला याया पायजे ना! मी देव्हाऱ्याची पूजा केली. दुपारी लेले गेला, मी शेतावर गेलो. तेवढ्यात त्या नाथ्यानं डाव साधला."

आगटे खाली बघत होते. उंबऱ्यावर रांगोळी होती, चुलीपाशी होती. माजघर मात्र कोरं.

परसात कोंडाजींची बायको गोजराबाई भांडी घासत होती. "मला काय इचारू नका," ती मान वर न करता म्हणाली. "त्या दिशी मी बाहेरची व्हते. गोठ्याच्या पडवीत बसल्याली. घरात पाऊल न्हाई टाकलं."

वाटेत कोंडाजींचा चुलतभाऊ कुशाबा भेटला. "देव्हारा समद्या भावकीचा हाय," तो तणतणला. "पुन्याचा यापारी मागत व्हता, आमी न्हाई म्हनलो. कोंडाजीला लई राग आल्ता."

"हा कुशाबाच!" मुकुंदराव कुजबुजले.

"गप्प बसा हो," आगटे म्हणाले.

पौडच्या ठाण्यात जाऊन त्यांनी फौजदारांकडून छोटा कॅमेरा मिळवला. आतली फिल्म कुणी धुतलीच नव्हती.

चार दिवसांनी कोंडाजींच्या माजघरात सगळे जमले. फौजदार होते, भागूबाई होती. आगट्यांनी एक फोटो पुढे धरला.

"लेल्यांनी छोट्या कॅमेऱ्यानं टिपलेला हा शेवटचा फोटो. हेच माजघर. भिंतीवर बघा. देव्हारा नाही, नुसता त्याच्या जागेचा पांढरा चौकोन. लेले जिवंत असतानाच देव्हारा गेलेला होता, कोंडाजी. मग तुम्ही पूजा कशाची केलीत?"

आगट्यांनी फोटोतल्या जमिनीवर बोट ठेवलं.

"आता जमीन बघा. पोपडे आलेत. म्हणजे सारवण झालं ते फोटोनंतर. गोजराबाई त्या दिवशी बाहेर बसलेल्या, त्या शेणाला हात लावणार नाहीत. आणि बाईमाणूस सारवून उठलं की चिमूटभर तरी रांगोळी टाकतंच. इथं सारवलं ते पुरुषाच्या हातानं. रक्त झाकायला."

"अरेच्चा!" मुकुंदराव म्हणाले.

"तुम्ही देव्हारा गुपचूप विकलात. लेले भावकीला सांगतो म्हणाले, आणि तुम्ही त्यांचं डोकं फोडलंत. फोटो उरू नये म्हणून मोठ्या कॅमेऱ्याच्या काचा फोडल्यात. डोक्यावर काळं फडकं न घेताही फोटो निघतो, हे तुमच्या गावीही नव्हतं. हा छोटा तुम्हाला खेळणं वाटला, म्हणून नाथाच्या गळ्यात बांधलात."

फौजदार उठले. कोंडाजींनी बेड्यांसाठी हात पुढे केले. "त्यो ऐकंचना," एवढंच पुटपुटले.

त्यांना बाहेर नेल्यावर आगटे गोजराबाईकडे वळले. "बाई, तुम्ही न्हाऊन घरात आलात त्याला आठवडा झाला. मग इथं रांगोळी का नाही घातलीत?"

गोजराबाईनं जमिनीकडे बोट केलं.

"मानूस मेल्याल्या जागी रांगोळी कोन घालतं?"

भागूबाई ताडकन उठली. "म्हंजी तुला ठावं व्हतं? तुला ठावं व्हतं, आन माझा नाथा फासावर चालला व्हता?"

गोजराबाईनं पदर तोंडात कोंबला. भागूबाई तिच्यापुढं थुंकली आणि नाथाला आणायला पौडच्या वाटेला लागली.